डोनट झाला, आता पुढे काय? (ब्लेंडर घरच्या घरी शिकताना)

सांडशी

गेले चार महिने रात्रीची जेवणं आटपली, ओटा आवरला की मी ब्लेंडर (संगणकावर त्रिमितीय वस्तू घडवायचं मोफत सॉफ्टवेअर) उघडून बसते. वय ४७, शिक्षण कॉमर्स, नोकरी पतसंस्थेत. चित्रकलेशी शेवटचा संबंध शाळेत आला, इंटरमिजिएटला बी ग्रेड मिळाली तेव्हा. मुलगा हॉस्टेलला जाताना जुना लॅपटॉप घरी टाकून गेला, त्यात हे आधीपासून होतं. उघडलं तर मधोमध एक राखाडी ठोकळा. क्लिक केलं, नारिंगी कड आली. डिलीट दाबलं, ठोकळा गेला. पहिल्या दिवशी एवढंच.

मग सगळे करतात तसा मीही 'ब्लेंडर गुरू' या यूट्यूब चॅनेलचा व्हिडिओ बघून डोनट केला. (डोनट आयुष्यात एकदाच खाल्लाय आणि तो आवडला नव्हता.) गुलाबी आयसिंग, वर रंगीत दाणे, सगळं साग्रसंगीत. घरच्या ग्रुपवर टाकला तर सासूबाई म्हणाल्या, "मेदूवड्याला हे गुलाबी काय फासलंस?"

ते असो. अडचण वेगळीच आहे. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ न लावता नवीन फाइल उघडली आणि पुन्हा तोच ठोकळा. काही म्हणता काही सुचेना. मग दुसरा व्हिडिओ लावला, खुर्चीचा. मग तिसरा, बेटावरच्या झोपडीचा. आतापर्यंत अकरा वस्तू झाल्या, पण व्हिडिओ बंद केला की साधी वाटी येत नाही. कुणाच्या तरी वहीत बघून गिरवल्यासारखं वाटतं.

इथे कुणी घरच्या घरी शिकलंय का? तुमचं गाडं कुठे अडलं होतं आणि पुढे कसं सरकलं? क्लास लावावा का? लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे, तो पुरेल का? आणि मुळात या वयात हे करण्यात काही अर्थ आहे का, हेही विचारून घेते.

पोहेवाला

शेवटच्या प्रश्नाला उत्तर: माझे वडील ६८व्या वर्षी पेटी शिकतायत. शेजाऱ्यांची मतं वेगळी आहेत.

निवांत

तुम्हाला जे झालंय त्यातून सगळेच गेलेत. व्हिडिओतला माणूस दोन प्रकारचं काम करत असतो. आधी तो ठरवतो की ही वस्तू कुठल्या आकारांची बनलीय आणि कुठून सुरुवात करायची. मग बटणं दाबतो. आपण फक्त बटणं बघतो, कारण ठरवायचं काम त्याने रेकॉर्डिंगच्या आधीच उरकलेलं असतं.

यावर माझा एकच उपाय आहे. घरातली अशी वस्तू घ्या जी हातात धरता येते, पट्टीने मोजता येते आणि जिच्यावर एकही व्हिडिओ नाही. व्हिडिओ नाही हे महत्त्वाचं. मी पहिल्यांदा आमचा पोळपाट केला. हसू नका. तीन पायांच्या चकतीला मला दोन संध्याकाळी लागल्या, कारण पाय नेमके १२० अंशांवर कसे बसवायचे ते माहीत नव्हतं. शेवटी सापडलं: ॲरे मॉडिफायर (मॉडिफायर म्हणजे मूळ आकार न मोडता त्यावर चढवलेली क्रिया; ॲरे वस्तूच्या प्रती काढतो), त्यात ऑब्जेक्ट ऑफसेट, आणि मधे ठेवलेली एम्प्टी (चित्रात न दिसणारी नुसती खूण) १२० अंशांत फिरवायची. आता आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या असोत की बैलगाडीच्या चाकाचे आरे, ती युक्ती हातात बसलीय. व्हिडिओत तीच गोष्ट तीनदा बघितली होती, लक्षात एकदाही राहिली नाही.

तुम्ही तांब्या घ्या.

सांडशी

तांब्याच का?

निवांत

कारण तो अक्षाभोवती गोल आहे. काठ, गळा, पोट, बूड अशी अर्धी कड काढली की स्क्रू मॉडिफायर ती गरगर फिरवून पूर्ण भांडं करतो. कुंभाराचं चाकच ते. म्हणजे आकार बघण्याकडे लक्ष देता येतं, बटणांकडे कमी. एकच सूचना, फोटो जवळून काढू नका. मोबाइलची लेन्स जवळून काठ फुगवते आणि बूड बारीक करते. दहा फूट लांब जा, झूम करा, तांब्याच्या पोटाच्या उंचीवर मोबाइल धरा.

उंबरठा

लॅपटॉपबद्दल. ८ जीबी ही किमान गरज आहे, म्हणजे मॉडेलिंग आरामात होईल, जंगल वगैरे उभारायला जाऊ नका. नवीन आवृत्ती ग्राफिक्स कार्डाच्या नावाने कुरकुरली तर जुनी एलटीएस (जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती) टाका, सगळ्या आवृत्त्या त्यांच्याच साइटवर असतात. मात्र २०१९च्या २.८०च्या आधीची नको. तिथे निवड उजव्या क्लिकने होते आणि मांडणीही पार वेगळी आहे. जुना व्हिडिओ बघून 'माझ्याकडे हे बटणच नाही' म्हणून रडणारे निम्मे लोक इथेच अडकलेले असतात.

सायकल्समध्ये (ब्लेंडरचं प्रकाश मोजून चित्र काढणारं इंजिन) रेंडर करत असाल, म्हणजे अंतिम चित्र काढत असाल, तर सॅम्पल्सचा (प्रत्येक ठिपक्यासाठी प्रकाश किती वेळा मोजायचा त्याचा) आकडा बघा. मुळात तो ४०९६ असतो. १२८ करा, डीनॉइज (चित्रातले दाणे पुसणारी सोय) चालू ठेवा, डोळ्याला फरक कळत नाही.

आणि माउस घ्या. तीनशे-चारशे रुपयांचा, मधलं चाक दाबता येणारा. टचपॅडवर ब्लेंडर म्हणजे हातमोजे घालून लसूण सोलणं.

सांडशी

४०९६!! म्हणून माझा डोनट रात्रभर शिजत होता. सकाळी उठून बघितलं तर लॅपटॉप गरम आणि चित्र अर्धं.

माउस आहे, पण आकडेपट्टी नाही. सगळे सांगतात, समोरून-बाजूने बघायला नमपॅडचा १ दाबा, ३ दाबा. माझ्याकडे वरचे आकडे दाबले की भलतंच होतं.

उंबरठा

प्रेफरन्सेस, इनपुट, एम्युलेट नमपॅड. खूण करा, सुटलात.

गोम_आहे

एवढं सगळं फुकट कसं काय देतात? आपला डेटा घेत असणार. फुकट ते पौष्टिक नसतं.

निवांत

गोमराव, याचा इतिहास इथल्या मंडळींना जवळचा वाटेल असा आहे. टॉन रोझेन्डाल नावाच्या डच माणसाने १९९४ मध्ये हे स्वतःच्या ॲनिमेशन स्टुडिओसाठी लिहायला घेतलं. पुढे त्यावर कंपनी काढली, गुंतवणूकदार आले, आणि २००२ मध्ये कंपनी बसली. सॉफ्टवेअर गुंतवणूकदारांच्या ताब्यात अडकलं. ते सोडवायला त्यांनी मागितले १ लाख युरो. या बाबाने इंटरनेटवर वर्गणी सुरू केली आणि सात आठवड्यांत रक्कम जमली. ऑक्टोबर २००२ मध्ये सगळा कोड जीपीएल परवान्याखाली (कुणीही वापरा, बदला, वाटा) खुला झाला. गणपतीच्या पावतीपुस्तकावर एक सॉफ्टवेअर विकत घेऊन गावाला दिलं म्हणा ना. आजही देणग्यांवरच चालतं. तुम्ही त्यात केलेलं चित्र तुमचं, विका नाहीतर भिंतीला लावा.

गोम_आहे

बरं. बघतो.

शाडूमाती

मी पेणचा. घरी गणपतीचा कारखाना, तिसरी पिढी. स्कल्प्टिंगबद्दल (ब्लेंडरमध्ये मातीसारखा आकार घडवणं) लिहितो, कारण नवशिक्यांचा तिथे फार गोंधळ होतो आणि तो हाताने काम करणाऱ्याला लगेच दिसतो.

लोक पहिल्या तासात पापण्या कोरायला घेतात. अहो, आधी बैठक बघा! शाडूत आम्ही प्रथम नुसता लगदा बसवतो. पोट किती पुढे, मान किती कललेली, सोंड कुठे वळते. चार पावलं मागे जाऊन बघायचं. तेव्हा ना बोटं असतात ना दागिने. दागिना शेवटी, आणि डोळ्यांची आखणी तर सगळा रंग झाल्यावर. मूर्ती लांबून गणपती दिसत नसेल तर मुकुटावर कितीही मणी लावा, ती लांबून बेडूकच दिसते.

ब्लेंडरमध्ये हेच करायचं तर रिमेशचा (पृष्ठभागाची जाळी नव्याने विणणं) व्हॉक्सेल आकार, म्हणजे जाळीचा कण, मोठा ठेवा, म्हणजे माती जाड राहील. बारीक काम करायची इच्छा झाली तरी ते करताच येणार नाही. आकार पटला की रिमेश बारीक करा, मग पुढचं. ग्रॅब (ओढणं), क्ले स्ट्रिप्स (मातीच्या पट्ट्या लावणं) आणि शिफ्ट दाबून गुळगुळीत करणं, पहिले दोन महिने या तिघांपलीकडे जाऊ नका. कंट्रोल दाबलं की तोच ब्रश उलटा चालतो, माती लावायच्या ऐवजी खरवडतो.

सिमेट्री (डावं-उजवं सारखं ठेवणं) चालू ठेवून चेहरा केला की तो मेलेला दिसतो. सत्तर टक्के काम झालं की बंद करा आणि एक भुवई किंचित हलवा.

मी शिकलो ते छोटे नमुने थ्रीडी प्रिंट करून त्यावरून साचा काढता येतो म्हणून. पहिल्याच खेपेला फजिती झाली. १५ सेंटिमीटरची मूर्ती, प्रिंटवाल्याने फाइल उघडली तर पडद्यावर काहीच नाही. खूप झूम केल्यावर एक ठिपका. एसटीएल फाइलमध्ये (थ्रीडी प्रिंटसाठी देतात ती) फक्त आकडे असतात, मीटर की मिलिमीटर ते लिहिलेलंच नसतं. माझे ०.१५ मीटर त्याच्याकडे ०.१५ मिलिमीटर झाले. एक्स्पोर्ट करताना स्केल १००० टाकायचं, एवढंच होतं ते. वडील शेजारीच उभे होते. त्यांनी भिंग मागितलं.

पोहेवाला

भिंग :D

चकलीचा_सोऱ्या

मला कळत नाही एवढा खटाटोप कशाला. आता एआयला एक ओळ लिहिली की तयार मॉडेल मिळतं.

शाडूमाती

मिळतं ना. मागून बघा कधी. बोटं एकमेकांत वितळलेली, आतून पोकळ कुठे नि भरीव कुठे याचा पत्ता नाही. ते दुरुस्त करायलाही हेच सगळं यावं लागतं.

सांडशी

आणि सोऱ्या असतानाही काही जण चकली विकतच आणतात, नाही का? :)

बर्फवाटा

व्हँकुव्हरहून. मी व्हीएफएक्समध्ये (चित्रपटांतले संगणकी दृश्य परिणाम) आहे, बारा वर्षं झाली. क्लासबद्दल कळकळीने लिहितो, कारण पोळलोय. मी देशात असताना एका नावाजलेल्या संस्थेत भरपूर फी भरून कोर्स केला. पहिले दोन महिने मेनू वाचून दाखवले. 'हे फाइल, हे एडिट.' नोकरीची हमी लेखी दिली होती, ती हमी म्हणजे एका कॉल सेंटरचा पत्ता निघाला. सगळे क्लास तसे नसतात, पण पैसे भरण्याआधी तिथल्या विद्यार्थ्यांनी केलेलं काम मागा. शिक्षकाचं नव्हे, विद्यार्थ्यांचं.

नोकरीच करायची असेल तर चित्र थोडं वेगळं आहे. मोठ्या स्टुडिओंत अजून माया, हूडिनी, न्यूक या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं राज्य आहे. पण हळूहळू बदलतंय. २०२५ साली लाटव्हियातल्या ज्या मांजराच्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं, तो अख्खा ब्लेंडरमध्ये केलेला आहे, आणि रेंडर इव्हीमध्ये (ब्लेंडरचं झटपट चित्र काढणारं इंजिन), सायकल्समध्येही नाही. ताईंना नोकरी नकोय असं दिसतंय, म्हणून त्यांनी हे सोडून द्यावं.

जाता जाता एक. इंटरमिजिएट दिलीय म्हणता, म्हणजे वस्तुचित्राचा पेपर दिला असणार. तुमची अर्धी तयारी झालेली आहे. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांना सावली कुठून सुरू होते ते सांगता येत नाही.

सांडशी

बर्फवाटा, कसली आठवण करून दिलीत. वस्तुचित्राला आमच्या बाई तांब्याच मांडायच्या, शेजारी दोन वांगी आणि मागे चुणीदार पडदा. माझ्या तांब्याच्या तोंडाला दोन्ही बाजूंना टोकं यायची, होडीसारखी. बाई म्हणायच्या, "लंबवर्तुळाला कोपरा नसतो. खोडरबर घे." तीस वर्षांनी तोच तांब्या पुन्हा समोर आला.

आज फोटो काढला. दहा फूट लांब जायला हॉलमधली खुर्ची हलवावी लागली.

सांडशी (आठ दिवसांनी)

तांब्या उभा राहिला! पण कसा, ते सांगते. कुणाला तरी उपयोग होईल.

फोटो समोरच्या दृश्यात मागे लावला. एक बिंदू काठावर ठेवला आणि ई (बिंदूतून नवा बिंदू ओढून काढणं) दाबत दाबत गळ्यावरून पोटाकडे, पोटावरून बुडाकडे उतरत गेले. इथे पहिली ठेच. ई दाबल्यावर जागा चुकली की मी एस्केप दाबत होते. वाटलं, रद्द झालं. रद्द होतं ते फक्त हलवणं, नवा बिंदू जुन्याच्या डोक्यावर तसाच राहतो. असे नऊ बिंदू साठले होते. पोटावर मधेच कडा का दिसतायत म्हणून दोन रात्री डोकं खाजवलं. मग सगळं निवडून एम, बाय डिस्टन्स, म्हणजे एकावर एक आलेले बिंदू एक करणं. खाली लिहून आलं की नऊ काढले. पतसंस्थेत हिशेब जुळल्यावर वाटतं तसंच वाटलं.

स्क्रू लावला, पायऱ्या १६च्या ६४ केल्या. बुडाशी मधोमध चांदणीसारखी सुरकुती पडली. ६४ टोकं एकाच जागी येऊनही वेगवेगळीच राहिलेली. मॉडिफायरमध्ये मर्ज आहे, ते चालू केलं. मग सॉलिडिफायने जाडी दिली तर तांब्या भलतीकडेच जाड व्हायला लागला. ओव्हरलेमध्ये फेस ओरिएंटेशन (बाहेरची बाजू निळी, आतली लाल दाखवणारं) लावून बघितलं, बाहेरची बाजू लालभडक. म्हणजे माझा तांब्या आतलं बाहेर करून ठेवलेला होता. स्क्रूमध्येच फ्लिपची खूण आहे. निळा झाला.

आता अडचण चकाकीची. मेटॅलिक १ केलं, रफनेस ०.२५, रंग पितळेचा, फोटोतूनच उचलला. तरी पितळ वाटत नाही. मातकट प्लास्टिक वाटतं. दिवे वाढवून बघितले, नुसते पांढरे डाग पडतात.

निवांत

शाब्बास. 'आतलं बाहेर' यातून सगळे जातात.

पितळेच्या रंगात चूक नाही. तुमच्या तांब्याभोवती जगच नाहीये. चकचकीत धातूला स्वतःचा असा रंग जवळजवळ दिसतच नाही, तो आजूबाजूचं दाखवतो. खरा तांब्या हातात घेऊन बघा. त्यात खिडकी दिसेल, ट्यूबलाइट दिसेल, तुमचा हात दिसेल. तुमच्या फाइलमध्ये आजूबाजूला काय आहे? एकरंगी राखाडी पोकळी. तीच तो दाखवतोय, प्रामाणिकपणे.

पॉली हेवन या साइटवरून एखाद्या खोलीचं एचडीआरआय (उजेडासकट घेतलेला चहूबाजूंचा फोटो) घ्या, खिडकी असलेलं. सगळं सीसीझीरो (हक्क सोडून दिलेलं) आहे, कुठेही वापरा. वर्ल्डमध्ये एन्व्हायर्नमेंट टेक्स्चर म्हणून लावा. दुसरं काही बदलू नका.

सांडशी

अगंबाई.

सांडशी

तासाभराने लिहितेय, कारण तासभर नुसता तांब्या फिरवून बघत होते. गळ्याच्या वळणावर खिडकी वाकून येते! रंगाला हातही लावला नाही.

अजून एक आपलं आपण सापडलं म्हणून मिरवते. तांब्याला आतून कल्हई आहे, म्हणजे आत पांढुरका आणि बाहेर पिवळा. दोन वेगळी भांडी करून एकात एक घालणार होते, पण सॉलिडिफायमध्येच मटेरियल ऑफसेट आहे. १ टाकलं की आतल्या बाजूला दुसरं मटेरियल लागतं. व्हिडिओ न बघता.

उंबरठा

हे मला सात वर्षांत माहीत नव्हतं. घ्या.

पोहेवाला

सासूबाई काय म्हणाल्या ते सांगा. आम्ही त्यासाठी धागा उघडतो.

सांडशी

त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "छान आहे. पण हा आपला नव्हे. आपल्याला डाव्या अंगाला पोचा आहे."

मी खरा तांब्या आणून बघितला. आहे. फोटो काढताना मीच तो मागच्या बाजूला फिरवला होता, चांगला दिसावा म्हणून. आता पोचा कसा पाडायचा? स्क्रूने केलेला आहे, म्हणजे पोचा पाडला की तो सगळीकडून गोल फिरणार. तांब्याला कंबरपट्टा होईल.

शाडूमाती

आधी प्रत काढून बाजूला ठेवा, शिफ्ट डी. मूळ हवाच. मग प्रतीवर स्क्रू अप्लाय (कायमचा पक्का) करा. सॉलिडिफाय मात्र अप्लाय करू नका, तो राहू द्या, म्हणजे बाहेरून दाबलं की आतली बाजू आपोआप सोबत येईल. एडिट मोडमध्ये त्या जागेचा एक बिंदू निवडा, ओ दाबून प्रपोर्शनल (शेजारचे बिंदूही थोडे थोडे सोबत हलतात) चालू करा, जी दाबून आत ढकला. माउसच्या चाकाने वर्तुळ लहानमोठं होतं. मोठ्या वर्तुळाने थोडं आणि मग लहान वर्तुळाने मधे थोडं, असं दोनदा. एकाच दणक्यात केलं तर अंगठा रुतल्यासारखं दिसतं, आपटल्यासारखं नाही. पोच्याची एक बाजू नेहमी जास्त तीव्र असते, कारण वस्तू सरळ पडत नाही.

सांडशी (दोन दिवसांनी)

चार वेळा पाडला. पहिला अंगठ्यासारखाच आला, तुम्ही म्हणालात तसा. दुसरा फार खोल गेला. तिसरा बरा होता, पण फाइल सेव्ह न करता लॅपटॉप मिटला. ऑटोसेव्हमधून परत मिळाला, पण तोवर मी चौथा सुरू केलेला. चौथ्याला खालची कड तीव्र ठेवली.

रात्री सासूबाईंना दाखवला. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, बरोबर पोच्यावर.

"हां. हा विहिरीत पडला होता. तुझ्या सासऱ्यांच्या हातून. नाव माझं लागलं."

पोहेवाला

विहिरीचा वेगळा धागा काढा.